देवघेव घटली म्हणजे ग्रंथालय ओस पडलं का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: प्रबंधाचा विषय आहे ‘इंटरनेटचा सार्वजनिक ग्रंथालयांवरील परिणाम’. एका ग्रंथालयाच्या पंधरा वर्षांच्या देवघेवीच्या, म्हणजे वाचकांनी घरी नेलेल्या पुस्तकांच्या, नोंदी तुम्हाला मिळाल्या आहेत. आकडा दरवर्षी थोडा थोडा खाली आला आहे आणि त्याच पंधरा वर्षांत इंटरनेट माणसाच्या खिशात येऊन बसलं. ‘इंटरनेटमुळेच ग्रंथालय ओस पडलं’ हा निष्कर्ष मार्गदर्शकांना उघड वाटतो. तुम्हाला तो पटत नाही, पण का पटत नाही हे नेमकं मांडता येत नाही. शिवाय ग्रंथालयांवरचं संशोधन इंटरनेटने कसं बदललं, हेही तुम्ही विचारलं आहे.

तुमची शंका रास्त आहे. मी सार्वजनिक ग्रंथालयात सव्वीस वर्षं काम केलं. आधी देवघेव काउंटरवर, मग बराच काळ संदर्भ विभागात आणि शेवटची काही वर्षं ग्रंथालयांच्या वापराची सर्वेक्षणं आखण्यात. तुमच्याकडे आहे तसाच तक्ता मीही एकदा मांडला होता आणि तोच निष्कर्ष अहवालात लिहिला होता. पुढे त्याच अहवालाचा आधार घेऊन संध्याकाळचे दोन तास कमी केले गेले. त्या दोन तासांत येणाऱ्या माणसांबद्दल माझ्या तक्त्यात एक ओळही नव्हती. तेव्हापासून या आकड्याकडे मी फार जपून बघते.

देवघेवीचा आकडा एकच गोष्ट सांगतो: छापील पुस्तक किती वेळा दाराबाहेर गेलं. पुस्तक आत बसून वाचलं गेलं का, कोणी तिथे बसून अर्ज भरला का, घरी बसून ग्रंथालयाच्या खात्यातून ई-पुस्तक घेतलं का, यांतलं काहीच त्यात येत नाही. इंटरनेटने नेमकी हीच कामं वाढवली. म्हणजे ज्या बाजूला बदल झाला त्या बाजूला तुमची मोजपट्टी पोहोचतच नाही. तुमच्या प्रबंधाची खरी अडचण ही आहे. ‘परिणाम किती झाला’ हा प्रश्न त्यानंतरचा.

आता ‘इंटरनेटमुळेच’ या शब्दाकडे वळू. अमेरिकेचं उदाहरण घेते, कारण तिथली सार्वजनिक ग्रंथालयांची राष्ट्रीय आकडेवारी १९८८ पासून जवळपास सलग मिळते. चार्ल्स मॅक्लुअर आणि जॉन कार्लो बर्टो या संशोधकांनी तिथे ग्रंथालयं आणि इंटरनेट या विषयावर सर्वेक्षणांची मालिका चालवली. १९९४ च्या पहिल्या सर्वेक्षणात साधारण २१ टक्के सार्वजनिक ग्रंथालयं इंटरनेटला जोडलेली होती. २००४ मध्ये हे प्रमाण ९९ टक्क्यांच्या वर गेलं. इंटरनेट ग्रंथालय रिकामं करत असतं, तर घसरण याच काळात दिसायला हवी होती. प्रत्यक्षात ग्रंथालयातल्या भेटी वाढत राहिल्या आणि त्यांचं शिखर आलं २००९ मध्ये. ते मंदीचं वर्ष होतं. नोकऱ्या गेलेले लोक अर्ज करायला येत होते आणि ते अर्ज तोवर बऱ्याच ठिकाणी फक्त ऑनलाइन स्वीकारले जाऊ लागले होते. त्यानंतर भेटी उतरू लागल्या. पण त्याच काळात मंदी ओसरत गेली, अनेक ठिकाणी निधी आणि उघडे राहण्याचे तास कापले गेले आणि स्मार्टफोनही पसरले. यातलं एकच कारण उचलून बाकीची सोडून देणं ही चूक आपल्या क्षेत्रात वारंवार होते.

तेव्हा तुमच्या तक्त्याबाबत बरंच काही तिथल्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला इथे बसून दिसत नाही. त्या पंधरा वर्षांत नवीन पुस्तकांची खरेदी किती झाली? खरेदी घटली की दोन-तीन वर्षांत देवघेव घटतेच, इंटरनेट असो वा नसो. ग्रंथालय आठवड्यात किती तास उघडं होतं? जागा बदलली का, दुरुस्तीसाठी बंद होती का? मुलांचा विभाग आणि मोठ्यांचा विभाग यांचे आकडे वेगळे काढता येतात का? माझा अनुभव असा की बालविभागाची रेषा आणि संदर्भग्रंथांची रेषा क्वचितच एका दिशेने जातात आणि एकूण बेरजेत दोन्ही पुसल्या जातात. दाखलनोंदवही (नवं आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात लिहितात ती) मिळाली तर दरवर्षी किती पुस्तकं आली ते पहिल्यांदा मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय पुढचं काहीच उभं राहत नाही. आणि २०२० हे वर्ष तुमच्या काळात येत असेल तर ते बाजूला काढून स्वतंत्र लिहा. दारंच बंद होती तेव्हाच्या आकड्याला कल म्हणता येत नाही.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संदर्भ विभागात मी रुजू झाले तेव्हा दिवसभर छोटे प्रश्न यायचे. या शब्दाचा अर्थ काय, अमुक संस्थेचा पत्ता काय, हा कायदा कोणत्या वर्षी झाला. कोश किंवा वार्षिकी उघडायची, उत्तर द्यायचं, नोंदवहीत एक रेघ मारायची. दोन मिनिटांचं काम. शोधयंत्रं आली आणि हे प्रश्न हळूहळू थांबले. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. लोकांना घरबसल्या उत्तर मिळू लागलं. नोंदवहीतल्या रेघा मात्र झपाट्याने कमी झाल्या आणि आमच्या वरिष्ठांनी त्यावरून संदर्भ विभागाची गरज संपली असा अर्थ काढला.

दुसऱ्या बाजूला काय होत होतं ते मी रोज पाहत होते. एक गृहस्थ यायचे, वय साठीच्या पुढचं. त्यांना निवृत्तिवेतनाचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. त्यासाठी ईमेल हवा, ईमेलसाठी पासवर्ड हवा, मग फोनवर आलेला संकेतांक मर्यादित वेळात टाकायचा, मग कागद स्कॅन करून ठराविक आकारात बसवायचे. तीन दिवस, रोज जवळपास तासभर. नोंदवहीत या सगळ्याच्या झाल्या तीन रेघा. पूर्वीच्या हिशेबात तेवढ्या वेळात मी पन्नासेक प्रश्न सोडवले असते. म्हणजे काम वाढलं होतं, कठीण झालं होतं, गरजू माणसाच्या जास्त जवळ आलं होतं आणि कागदावर ते जवळजवळ नाहीसं झालं होतं.

नंतर आम्ही नोंदवहीत दोन रकाने वाढवले: किती मिनिटं लागली आणि कशासाठी. एवढ्या बदलाने चित्र पालटलं. कार्यालयं कागदी खिडक्या बंद करतात तेव्हा त्या खिडकीवरची रांग नाहीशी होत नाही, ती ग्रंथालयात येऊन उभी राहते. काही देशांनी हे उघडपणे मान्य केलं आहे. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून सार्वजनिक ग्रंथालयांत सरकारच्या डिजिटल सेवांसाठी मदत केंद्रं उघडली गेली. इतर बऱ्याच ठिकाणी हेच काम ग्रंथालयाचे कर्मचारी गुपचूप करतात, त्यासाठी वेगळा निधी नाही, प्रशिक्षण नाही आणि नोंदही नाही. तुमच्या प्रबंधात नवं काही सांगायचं असेल तर ते या न झालेल्या नोंदींत आहे.

संशोधनाच्या अंगानेही याच वळणावर विचार बदलला. सुरुवातीला प्रश्न होता तो जोडणीचा: कोणाकडे इंटरनेट आहे, कोणाकडे नाही. २००२ मध्ये संशोधक एस्टर हार्गिताई यांनी दुसऱ्या पातळीची दरी दाखवून दिली: जोडणी असलेल्या माणसांतही वापरण्याच्या कौशल्यात मोठा फरक असतो. मॅक्लुअर-बर्टो मालिकेच्या प्रश्नावल्या क्रमाने वाचल्या तरी हा प्रवास दिसतो. आधी ‘जोडणी आहे का’, मग ‘संगणक किती, वेग किती’, मग ‘ते पुरतात का, लोकांना थांबावं लागतं का, शिकवतं कोण’. निष्कर्षांपेक्षा प्रश्नावल्याच जास्त शिकवून जातात. तुमची प्रश्नावली यातल्या कोणत्या टप्प्यावर अडकली आहे ते तपासून पाहा.

आता ई-पुस्तकं. इथे बहुतेक विद्यार्थी ‘छापील कमी झालं, डिजिटल वाढलं’ असं लिहून मोकळे होतात. या दोन आकड्यांची बेरीज-वजाबाकी सरळ होत नाही. छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेतं आणि ते फाटेपर्यंत देत राहतं. ई-पुस्तकाचा बहुधा परवाना असतो आणि त्याच्या अटी प्रकाशक ठरवतो. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने अट घातली की एक परवाना २६ वेळा दिला गेला की संपला, पुन्हा विकत घ्या. २०१९ च्या नोव्हेंबरपासून मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने नव्या ई-पुस्तकाची पहिले आठ आठवडे एका ग्रंथालय व्यवस्थेला एकच प्रत देण्याचं धोरण ठेवलं. ग्रंथालयांच्या विरोधानंतर २०२० च्या मार्चमध्ये ते मागे घेतलं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये निकाल दिला की एका वेळी एकाच वाचकाला, ठराविक मुदतीसाठी ई-पुस्तक देणं हे छापील पुस्तकाच्या देवघेवीसारखंच मानता येऊ शकतं, पण व्यवहारात बाजार परवान्यांचाच राहिला.

याचा तुमच्या आकड्यांशी संबंध असा: ई-पुस्तकाची देवघेव कमी दिसली तर वाचकाची इच्छा कमी होती की परवाने कमी होते, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी प्रतीक्षायादी मागा. एका परवान्यामागे किती जण रांगेत होते, हा आकडा मागणीबद्दल देवघेवीपेक्षा खूप जास्त बोलतो. शिवाय ई-पुस्तक मुदत संपली की आपोआप परत जातं, न वाचता परत गेलं तरी एक देवघेव मोजली जाते. छापील पुस्तकाचं नूतनीकरण, म्हणजे मुदत वाढवून घेणं, काही ठिकाणी नवी देवघेव म्हणून धरतात, काही ठिकाणी धरत नाहीत. मोजणीच्या व्याख्यांसाठी आयएसओ २७८९ हे मानक आहे. ऑनलाइन संसाधनांचा वापर मोजण्यासाठी ‘काउंटर’ ही आचारसंहिता २००३ पासून आहे. तिच्यात एकाच दुव्यावर ३० सेकंदांच्या आत दोनदा क्लिक झालं तर ते एकदाच मोजायचं, इतक्या बारकाईने नियम दिले आहेत. तुमचं ग्रंथालय या व्याख्या पाळत होतं का, आणि पंधरा वर्षांत मध्येच व्याख्या बदलली का, एवढं विचाराच. संगणक प्रणाली बदलली त्या वर्षी आकड्यात उडी किंवा खड्डा दिसतो, तो बहुतेक वेळा वाचकांनी घडवलेला नसतो.

प्रणालींवरून आठवलं. ‘इंटरनेटपूर्वी’ आणि ‘इंटरनेटनंतर’ अशी एकच रेघ मारू नका. ग्रंथालयं वेबच्या कितीतरी आधी एकमेकांना जोडली जात होती. हेन्रिएट अव्रम यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तालिकेच्या (पुस्तकांच्या सूचीच्या) नोंदी यंत्राला वाचता येतील असा मार्क हा आराखडा घडवला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ओसीएलसी या संस्थेने १९७१ मध्ये सामायिक ऑनलाइन तालिकीकरण सुरू केलं. एका ग्रंथपालाने केलेली नोंद दुसऱ्याला वापरता येऊ लागली. वाचकाला हे दिसलं नाही, पण मागच्या खोलीतलं काम तिथेच बदललं. लहान ग्रंथालयांपर्यंत हा बदल उशिरा आला. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयांची जुनी प्रणाली २००० साल उजाडलं की बंद पडेल अशी भीती होती, म्हणून त्यांनी नवी करून घेतली आणि ती सर्वांना मोकळी करून दिली. तीच कोहा, माओरी भाषेत ‘भेट’. आज जगभरातली असंख्य ग्रंथालयं ती वापरतात. तुमच्या ग्रंथालयात प्रणाली कोणत्या वर्षी आली, तालिका घरून कधीपासून दिसू लागली, वाय-फाय कधी आलं, अशा तीन-चार वेगवेगळ्या रेघा तक्त्यावर मारा. मग बघा, उतार नेमका कोणत्या रेघेपासून सुरू होतो, की कोणत्याच नाही.

या सगळ्यात एक नवं अवलंबित्वही आलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयावर सायबरहल्ला झाला. शाखा उघड्या राहिल्या, पुस्तकं हाताने नोंद करून दिली जात होती, पण परत आलेली पुस्तकं प्रणालीत घेता येईनात. सुमारे दहा लाख पुस्तकं आणि इतर वस्तू ट्रेलरमध्ये भरून ठेवाव्या लागल्या. त्याच महिन्यात ब्रिटिश लायब्ररीवरही हल्ला झाला आणि तिथली ऑनलाइन तालिका पुढच्या जानेवारीपर्यंत बंद होती. मला यात संशोधकासाठी एक धडा दिसतो: अशा काळात आकडे नसतात, पण माणसं येत असतात. तुमच्या तक्त्यातल्या रिकाम्या किंवा विचित्र महिन्यांकडे चूक म्हणून बघू नका, त्या महिन्यांत काय झालं ते विचारा.

ग्रंथालयांवरचं संशोधन इंटरनेटने कसं बदललं, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. एकीकडे फार मोठी सोय झाली. पूर्वी दुसऱ्या ग्रंथालयाचा वार्षिक अहवाल हवा असेल तर पत्र लिहून आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. आता ग्रंथालयशास्त्राचे लेख ई-लिससारख्या मुक्त भांडारात २००३ पासून मिळतात. ‘फर्स्ट मंडे’ हे नियतकालिक १९९६ पासून मोफत आहे आणि हार्गिताई यांचा लेखही त्यातच आला. ‘डी-लिब’ हे डिजिटल ग्रंथालयांवरचं नियतकालिक २०१७ मध्ये थांबलं, पण त्याआधीच्या बावीस वर्षांचे अंक वाचता येतात. ग्रंथालयांचे जुने अहवाल संकेतस्थळावरून गायब झाले असतील तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये बघा. ही संस्था १९९६ पासून वेबपानं साठवत आली आहे. मला दोनदा असे अहवाल तिथेच सापडले आहेत आणि त्यांतला एक खुद्द त्या ग्रंथालयाकडेही उरला नव्हता.

दुसरीकडे, जे सहज मिळतं त्याचाच अभ्यास होऊ लागला. लेख लिहिणारे बहुतांश विद्यापीठांत असतात, म्हणून विद्यापीठ ग्रंथालयांवर ढीगभर साहित्य आणि सार्वजनिक ग्रंथालयांवर त्या मानाने थोडं. संकेतस्थळाच्या भेटी यंत्र मोजून देतं, म्हणून त्यांवर लेख. वाचनकक्षात कोण किती वेळ बसतं हे माणसाला उभं राहून मोजावं लागतं, म्हणून त्यावर कमी. ज्यांनी हे केलं त्यांचं काम जरूर वाचा. नॉर्वेचे रागनार आउडुनसन यांनी २००५ मध्ये ग्रंथालयाला कमी तीव्रतेची भेटीची जागा म्हटलं: जिथे आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांच्या सहज शेजारी बसायला मिळतं. ऑनलाइन जगात प्रत्येकजण आपल्या आवडीच्या गटात जातो, तेव्हा अशा जागेची किंमत वाढते की घटते, हा प्रश्न देवघेवीच्या नोंदींत कधीच सापडणार नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती ऑनलाइन सर्वेक्षणात. संकेतस्थळावर किंवा ईमेलने प्रश्नावली पाठवली की उत्तरं पटापट येतात आणि ती देतात ज्यांना इंटरनेटची अडचणच नाही असे लोक. तो निवृत्तिवेतनाचा अर्ज भरणारा माणूस तुमच्या उत्तरांत नसतो. मग निष्कर्ष निघतो की संगणकाची सोय लोकांना फारशी लागत नाही. कृपा करून कागदी प्रश्नावली ठेवा आणि काहींना समोर बसवून विचारा. आणि जे यायचे थांबले त्यांतल्या थोड्यांना तरी शोधा. सभासदत्व रद्द करणाऱ्याला कारण विचारलं तर ते अनेकदा इंटरनेट नसतं. घर बदललं, वेळ जुळत नाही, हवी ती पुस्तकं येत नाहीत, अशी उत्तरं मी कितीतरी ऐकली आहेत.

एक काळजी मात्र घ्या. नोंदी मागताना कोणी कोणतं पुस्तक नेलं हे मागू नका, मिळालं तरी घेऊ नका. वाचकाची खासगी बाब जपणं हे आपल्या पेशाचं मूळ आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१५ मध्ये याबाबत स्वतंत्र निवेदन काढलं आहे. तुमच्या अभ्यासाला एकत्रित आकडे पुरतात.

सहा महिने हाताशी आहेत असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यात मी असं केलं असतं. देवघेवीचा तक्ता ठेवला असता, पण दर शंभर नव्या पुस्तकांमागे आणि उघड्या असलेल्या दर तासामागे किती, असा मांडला असता. मदत काउंटरवर दोन पंधरवडे, एक परीक्षांच्या हंगामातला आणि एक एरवीचा, प्रत्येक प्रश्न, लागलेली मिनिटं आणि कारण असं लिहून घेतलं असतं. वाचनकक्षात दिवसातून चार ठरावीक वेळी डोकी मोजली असती आणि कोण छापील वाचतंय, कोण स्वतःच्या उपकरणावर आहे, कोण ग्रंथालयाच्या संगणकावर आहे ते टिपलं असतं. पंधरा-वीस मुलाखती, त्यांतल्या पाच तरी येणं सोडलेल्यांच्या. प्रबंधाच्या शीर्षकातला ‘परिणाम’ काढून ‘कोणती कामं ग्रंथालयाबाहेर गेली आणि कोणती आत आली’ असं काहीतरी केलं असतं. मार्गदर्शकांना हे पटवताना सार्वजनिक ग्रंथालयांचा युनेस्को जाहीरनामा दाखवा. १९९४ ची आवृत्ती आणि २०२२ ची आवृत्ती शेजारी ठेवून वाचली तर डिजिटल दरी आणि दूरस्थ सेवा यांना किती जागा मिळाली आहे ते लगेच कळतं.

आणि सुरुवात करा ती त्या ग्रंथालयात पूर्ण पंधरा वर्षं काउंटरवर बसलेल्या कर्मचाऱ्यापासून. त्यांना आकडे विचारू नका. पूर्वी दिवसात कोणत्या वेळी गर्दी व्हायची आणि आता कोणत्या वेळी होते, एवढंच विचारा, आणि ती गर्दी कशासाठी असते ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. त्या उत्तरांवरून तुमच्या नोंदपत्रकाचे रकाने ठरतील. पहिल्या पंधरवड्याच्या नोंदी हातात आल्या की इथे लिहा, वर्गवारी कशी लावायची ते बघू.